देऊळ उजव्या हाताला

माझ्या तोंडाला कडी-कोयंडा नाही, हे शिनोलीच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला लागलात की कुठल्याही वाडीत विचारा. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कुणाच्या लग्नात मटण कमी पडलं, कुणाची कवळी विहिरीत पडली — सगळं माझ्याकडे येतं आणि माझ्याकडूनच पुढे जातं. पण एक गोष्ट आहे, जी या तोंडातून एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, तो गेला. लेकीला नाही. देवळात गेले की देवाकडेही जरा कडेकडेनेच बघते — न जाणो, त्याने विषय काढला तर? आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच बहुतेक जमतंय.

निमित्त असं झालं. जुन्नरला माझ्या छापांचं प्रदर्शन भरणार आहे. मी छापकाम करते — शिवणीच्या लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची, वर कागद टाकायचा आणि पाठीमागून पितळी वाटीने घासायचं. कागद उचलला की चित्र. एवढीच विद्या. प्रदर्शनाबरोबर एक छोटं पुस्तक निघतंय आणि त्यात मी चार पानं लिहायची आहेत — माझा समुद्र कुठून आला, यावर. कारण मी कोरते ते सगळं समुद्राकाठचं. खाडी, धक्का, माड, ओहोटीच्या चिखलात बसलेल्या होड्या. कोळी म्हटलं की शहरातली माणसं आधी पापलेटाचा भाव विचारतात. मग त्यांना सांगावं लागतं — बाबांनो, आम्ही महादेव कोळी, वरचे, डोंगरातले, भात-नाचणी-वरईवाले. आमची मासळी म्हणजे ओढ्यातला खेकडा. मग तर त्यांचे डोळे आणखीच मोठे होतात. मग तुमचा समुद्र आला कुठून, आजी?

कुठून आला, हेच तर सांगायचंय. आणि तेच सांगवत नाही.

हे पुस्तक छापून झालं की आमच्या घरी येणार. माझी नात शीतल ते पारूवहिनीला वाचून दाखवणार. वहिनीला अक्षर येत नाही, आणि माझ्याबद्दल कुठे काही छापून आलं की तिला ते सगळं ऐकायचं असतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शीतल मध्येच थुंकी गिळायला थांबली तरी ही म्हणते, "व्हय, पुढं?" त्या 'पुढं'ची मला आत्तापासून धडकी भरली आहे. आम्ही दोघी एका घरात राहतो. तिची खाट आणि माझी खाट यांच्यामध्ये एक पाण्याचा तांब्या, एवढंच अंतर. आणि मी तिला हे तोंडाने न सांगता छापून सांगते आहे — म्हणजे बघा, मी अजून तीच आहे.

ती म्हणजे कोण? थांबा, तिची ओळख करून देते. तेव्हाची मी. आवडाबाई!

जुन्नरला बायकांसाठी छापकामाचा वर्ग निघाला होता, त्यात ही शिकली. चार छाप विकले गेले आणि डोक्यात वारं शिरलं. घरी साधं लुगडं आणि गळ्यात काळी पोत. पण मुंबई-पुण्याला निघाली की बाई घोडेगावच्या बाजारातनं रंगीबेरंगी मण्यांच्या माळा घेणार आणि एसटीत बसल्या बसल्या गळ्यात चढवणार. का, तर शहरातल्यांना आदिवासी बाई जशी हवी तशी दिसावी. असल्या माळा आमच्या घरात कुणी कधी घातल्या नव्हत्या. तिकडे पोचलं की आवाज खाली आणायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, "मी समुद्र बघितलेला नाही हो. पूर्वज नाणेघाटातनं खाली दर्यावर जायचे, ते माझ्या स्वप्नात येतात आणि दाखवतात." लोक ऐकताना श्वास धरायचे. आज ती बया समोर आली तर मी त्या माळा ओढून तिला भाताच्या आवणीला गुडघाभर चिखलात उभी करीन.

स्वप्नात! स्वप्न कुठलं आलंय — समुद्र आमच्या कणगीवर होता.

पारूवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माझा नवरा घरजावई, म्हणून लग्नानंतरही मी याच घरात. दादा तरुणपणी घाट उतरून खाली कोकणात कामाला गेला होता. समुद्राकाठच्या एका गावात धक्क्याची दुरुस्ती चालली होती, तिथे दगड वाहायला. काम संपलं आणि हा परत आला तो तिला घेऊन. पळवून म्हणा, पळून म्हणा. ती स्वतः सांगायची, "मीच पळवला त्याला. येत नव्हता, रडत व्हता." तिचे लोक मासेमारीवाले. जात वेगळी, बोली वेगळी, चूल वेगळी. तिच्या बापाने धक्क्यावर उभं राहून गावादेखत शपथ घातली की मी जिता असेपर्यंत तिने या धक्क्यावर पाय ठेवला तर मी खाडीत उडी टाकीन. हे तिला मागाहून दादाच्या एका जोडीदाराने येऊन सांगितलं.

तिने ते खरं धरलं. बापाला ओळखून होती. म्हणून ती कधी गेली नाही, निरोपही धाडला नाही. मात्र एक गोष्ट ती धरून होती आणि बोलूनही दाखवायची — "बा गेला की कुणीतरी सांगावा आणंल, वन्सं. मग मी आयला भेटून येन." भांडी घासताना म्हणायची, हिरडा वाळत घालताना म्हणायची. एवढ्या एका सांगाव्यावर ती बाई होती. तुम्ही हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तर कणगी. आमच्या घरात भाताची मोठी कणगी होती — बांबूच्या कामट्यांची, शेणमातीने लिंपलेली, पुरुषभर उंच. आल्या वर्षीच वहिनीने तांदळाच्या पिठात बोट बुडवून तिच्यावर आपलं गाव काढलं. पाण्यात उतरणाऱ्या धक्क्याच्या पायऱ्या. धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला देऊळ, उजव्या हाताला चिखलात कलंडलेली जुनी होडी. आणि देवळामागे एक माड, दोन शेंड्यांचा. आम्ही हसलो. माडाला कधी दोन शेंडे असतात का? ती रागावली. "अख्ख्या किनाऱ्याला एकच हाय. आमच्याकडं हाय." दर वर्षी कणगी नव्याने लिंपली की ते गाव पुसलं जायचं, आणि दर वर्षी ती ते पुन्हा काढायची. तसंच्या तसं. पायरी इकडची तिकडे नाही.

मी काय केलं? कणगीवर पातळ कागद धरला, कोळशाने सगळं उतरवून घेतलं, फळीवर चिकटवलं आणि कोरलं. छापकाम शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात की छाप उलटा येतो. फळीवर जे डावं ते कागदावर उजवं. म्हणून चित्र फळीवर पालथं घालायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. आमच्या बाईंनी मला हे दहादा सांगितलं होतं. मी घाईत विसरले. पहिला छाप उचलला तर देऊळ उजव्या हाताला आणि होडी डाव्या! वहिनी पोट धरून हसली. "वन्सं, तुमी माझं गाव पाण्यातनं बघितलंत की!"

पुढच्या वेळी सरळ करते म्हणाले. पण तोच छाप लोकांना आवडला, तोच मागायला लागले. मग राहिला तसाच.

आणि तो छापायची कोण? वहिनीच. माझा हात जड, वाटी फिरवताना कागद फाटायचा. ती अशी फिरवायची की जणू तान्ह्या पोराच्या पोटाला तेल लावते आहे. शाईही तिचीच. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून ठेवायचे, काळं झालं की डिंकाने दाट करायचं. तिच्या बोटांच्या पेरांत ते काळं कायमचं मुरलं. खाली सही मात्र माझी. एकदा मी अर्ध्या तोंडाने विचारलंही होतं, "वैनी, तुझं नाव घालू का गं?" ती म्हणाली, "मला काय करायचंय नावाचं? माझं गाव लोक बघत्यात, बास झालं." म्हणजे मी पुढे जे राखायला एवढी धडपडले, ते ती मला आधीच देऊन बसली होती. हे कळायला माझे केस पिकावे लागले.

आता येते तिथे. येते म्हणते आणि पुन्हा बाजूला सरकते, बघताय ना तुम्ही?

मुंबईला मोठं प्रदर्शन होतं. निघताना वहिनी फाट्यापर्यंत माझी पिशवी घेऊन आली. एसटी दिसली तेव्हा तिने माझा दंड धरला. "वन्सं, तितं दर्यावरची माणसं येत असतील. कुणी आमच्याकडचं भेटलं तर इचारा. बाचं." कधी कुणाकडे काही न मागणारी बाई. मी म्हटलं, इचारते की, त्यात काय. आणि गाडीत बसून माळा चढवल्या.

प्रदर्शनात शेवटच्या दिवशी बक्षीस जाहीर होणार होतं. ते मला मिळणार, अशी कुजबुज होती. सकाळपासून माझ्याभोवती माणसं. मी स्वप्नाची गोष्ट सांगत होते, डोळे अर्धे मिटून. डोळे उघडले तर समोर एक माणूस उभा. उन्हाने रापलेला, इस्त्रीचा सदरा, तोही अंगाला नवा. हातात वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान. त्यात माझ्या छापाचा फोटो आला होता, तो बघून हा मुंबईला आला होता. मुद्दाम. एवढ्यासाठी.

"ताई, ह्यो छाप तुमचाच का?"

मी मान डोलावली.

"ह्यो आमचा धक्का हाय." त्याने बोट छापावर नेलं, पण टेकवलं नाही. "ह्यो माड — असा दुसरीकडं न्हाय कुठं. माझी भैन ह्याच्याखाली खेळायची. पारू तिचा नाव. डोंगरातला एक जण तिला घेऊन गेला, तवा मी लहान होतो. तुमाला ह्यो गाव कोनी सांगितला?"

तुम्हाला काय वाटतं, मला कळलं नसेल? त्याच्या हनुवटीला वहिनीसारखीच खळी होती. त्याने नाव घ्यायच्या आधीच मला कळलं होतं.

माझ्या आजूबाजूला चार-सहा माणसं होती. बक्षीस ठरवणाऱ्यांतल्या एक बाईही तिथेच. सगळी माझ्याकडे बघत होती. कुणी संशयाने नव्हे हो, गमतीने. "अरे वा, हे खरं गाव आहे?" असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. हो म्हणायला काय लागलं असतं? 'ती माझी वहिनी आहे. सुखात आहे. चला, मी तुम्हाला घरी नेते.' एवढंच. श्वास घेऊन सोडायला लागतो त्याहून कमी. पण मग स्वप्न? मग पूर्वज? माझ्या गळ्यातल्या त्या माळा तेव्हा मला अशा टोचत होत्या —

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही. माझ्या मनातलं आहे."

त्याचं तोंड उतरलं. तो पुन्हा छापाकडे वळला, जवळ गेला, आणि कपाळाला आठ्या पडल्या. "पन देऊळ... देऊळ ह्या हाताला कसा?"

आणि इथे, ऐका, इथेच माझा गुन्हा आहे. तोवर कदाचित घाबरले होते असं म्हणता आलं असतं. आता मला त्याच्या हातात दोर दिसला आणि मी तो कापला. मी हसले. मायेने हसले, खालच्या आवाजात. म्हटलं, "बघा, तुमचं देऊळ डाव्या हाताला असेल. माझं उजव्या हाताला आहे. होडीही इकडे. म्हणजे हे तुमचं गाव कसं असेल, दादा?"

छाप उलटा येतो, हे त्या हॉलमध्ये मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. माझी शिकाऊपणाची चूक मी त्याच्यापुढे पुरावा म्हणून ठेवली. तो बराच वेळ बघत राहिला. हात वर करून डावं-उजवं करून पाहिलं, लहान पोर बोटं मोजतं तसं. मग मान हलवली. आणि त्याने माझी माफी मागितली. माझी! "माफ करा ताई. माड बघून भुललो."

जायला निघाला आणि परत फिरला. "तरी बी. तुमी डोंगराकडच्या. कुठं भेटलीच पारू नावाची, तर तिला सांगा — बा गेला. दोन साल झाली. आता यायला हरकत न्हाय. आय संध्याकाळची धक्क्याच्या पायरीवर बसते. वाट बघते."

मी म्हटलं, "सांगते की."

बक्षीस मिळालं. फोटो निघाला. त्या फोटोत मी इतकी भोळी दिसते की आजही बघितला की माझं मलाच हसू येतं, आणि मग येत नाही.

घरी आले तर वहिनीने मला दारातच थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, औक्षण केलं, तोंडात गूळ भरला. सगळं झाल्यावर, ताट खाली ठेवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "कुणी भेटलं व्हतं का?"

तोंडात गूळ होता. मी मान हलवून म्हटलं, "न्हाई."

ती "बरं" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

फक्त बक्षिसासाठी असतं तर दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं ना? त्या महिन्यात? दादा वारला तेव्हा, जेव्हा तिला खरंच माहेराची गरज होती? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आता सांगितलं तर ती विचारील, तेव्हा का नाही सांगितलं? मग पुढच्या वर्षी तोच प्रश्न एका वर्षाने मोठा. पण तळाशी दुसरंच होतं, तेही सांगून टाकते. ती गेली असती तर परत आली असती याची मला खात्री नव्हती. मग वाटी कुणी फिरवली असती? मला तिचा समुद्र हवा होता, तिचे हात हवे होते, ती माझ्या घरात हवी होती. तिचं काय हवं-नको, हा प्रश्नच मी मनात येऊ दिला नाही. आणि छाप? तो मी सरळ करायला शिकले होते, पुढची सगळी चित्रं सरळच कोरली. तो एक धक्का मात्र जाणूनबुजून उलटाच ठेवला. पहिल्यांदा चूक होती. नंतर ती माझी लपायची जागा झाली.

आता सगळ्यात वाईट ते. आमच्याकडे भाद्रपदात पितरं जेवायला येतात. गेलेल्यांच्या नावाने पानं वाढायची — भात, डाळ, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. घास कौलावर ठेवायचा, कावळ्याची वाट बघायची. वहिनी माझ्या आईबापाचं पान वाढते, दादाचं वाढते, माझ्या नवऱ्याचंही वाढते, वर "घरजावई होता, त्याला वडे जास्त वाढा" असं म्हणून मला हसवते. तिच्या आईबापाचं पान मात्र ती ठेवत नाही. जित्या माणसाचं पान ठेवत नाहीत, त्याचं आयुष्य तुटतं. आणि ती दोघं गेल्याचा सांगावा तिला आलेला नाही.

एका वर्षी शेजारची कुणी म्हणाली, "अगं आता कुठले असतील ते? ठेव पानं." वहिनी तिच्यावर कधी नाही ती ओरडली. "सांगाव्याबिगर कसं ठेवू? शंभरी गाठत्यात माणसं!" मी तिथेच बसले होते. वडा खात होते. दर वर्षी मी तिथेच बसते, दर वर्षी दोन माणसं आमच्या दारावरून उपाशी जातात, आणि ते फक्त मला ठाऊक असतं.

मी एकदा गेले तिकडे. पुण्याला काम आहे सांगून गेले. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा बघितला, म्हातारपणी, चोरासारखा. धक्का दिसला, पायऱ्या दिसल्या. दोन शेंड्यांचा माडही होता. एक शेंडा वाळला होता. देऊळ डाव्या हाताला. मी तिथे उभी राहिले आणि कळलं, मला ते गाव पाठ आहे. पायरीजवळ मासळीची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिला विचारलं, इथे एक म्हातारी बसायची ना? "ती? ती गेली कवाच," ती म्हणाली. "शेवटी दिसत नव्हता तिला. तरी यायची. एसटीचा आवाज झाला की इचारायची, कोन उतरला? आमी नाव सांगायचो. मग गप बसायची." तिचा मुलगा? तोही आता गावात नव्हता. कुठे गेला, तिला माहीत नव्हतं.

परत आले. वहिनीने पिशवी घेतली हातातनं आणि नाकाला लावली. "वन्सं, खाऱ्याचा वास येतोय की!"

मी म्हटलं, "शेजारी सुकट विकणारी बसली होती गाडीत."

ती केवढी खूश झाली. "आमच्याकडचीच आसंल," म्हणाली, आणि ती पिशवी तिने दोन दिवस धुतली नाही.

आता परवाची गोष्ट, आणि मग संपलं. जुन्नरच्या प्रदर्शनासाठी मी तो धक्का नव्या फळीवर कोरला. चित्र पालथं घालून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. महिनाभर लागला. आणि खालच्या पायरीवर एक बाई कोरली, पाण्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. वहिनीच्या कणगीवर ती कधीच नव्हती.

शाई वहिनीनेच लावली, कागद तिनेच टाकला. आता तिचाही हात दुखतो, पण वाटी कुणाला देत नाही. घासून झालं, कोपरा धरून उचलला, आणि उजेडाकडे नेला. 

"अगंबाई! देऊळ जागेवर आलं!" ती म्हणाली. हसली. "उमर गेली वन्सं तुमची, पण पाण्यातनं बाहेर आलात एकदाच्या!" मग बघता बघता हसू थांबलं. कागद डोळ्यांजवळ नेला. काळ्या पेरांचं बोट पायरीवर आलं, टेकलं नाही. तिच्या भावाचं नव्हतं टेकलं, तसंच.

"ही कोण बसलीय?"

मी किती सोपं करून ठेवलं होतं सगळं. तिने विचारावं म्हणून तर कोरली होती. तिने विचारलं. आणि मी म्हटलं, "कोण न्हाई. जागा मोकळी दिसत व्हती."

या वयात. तिच्या तोंडावर. पुन्हा.

ती "बरं" म्हणाली. कागद दोरीवर टाकला. पण नंतर भाकरी थापताना, गोठ्यात जाताना, ती दर खेपेला त्या दोरीखाली थांबून वर बघत होती. अजून बघते. विचारत नाही.

म्हणून हे लिहिलं. माझं कोवळं वय होतं असं म्हणणार नाही. परवा ते कोवळं नव्हतं. त्या छापाखाली या वेळी सही केलेली नाही, पण त्याचंही कौतुक नको. सही न केल्याने कुणी परत येत नाही.

वहिनी, शीतल इथवर वाचत आली असेल, तर तू "पुढं?" म्हणाली असशील.

पायरीवर बसलीय ती तुझी आय. तुझा बा तिच्या आधी गेला, नंतर ती गेली. सांगावा आला होता. माझ्याकडे दिला होता.